लहान महाविद्यालय आणि रिकामं महाविद्यालय

ग्वाल्हेरमध्ये बारावीचा निकाल लागला की मराठी घरांत दोन मतं हटकून ऐकू येतात. मोठ्या सरकारी महाविद्यालयात हजारोंच्या गर्दीत आपल्या मुलीकडे कोण बघणार, त्यापेक्षा घराजवळचं लहान महाविद्यालय बरं, हे एक. लहान महाविद्यालयाला नाव नाही, तिथली पदवी उद्या कोण विचारणार, हे दुसरं. दोन्ही मतं मांडणारी माणसं मुलांच्या काळजीनेच बोलतात. पण दोघंही महाविद्यालयाचा आकार पाहून निकाल देतात. निदान आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात तरी आकाराचा विचार नंतर करावा लागतो. त्याआधी विचारायला हवं की तिथे वर्ग भरतात का, आणि भरत असतील तर शिकवायला कोण उभं राहतं.

मुळात लहान महाविद्यालय ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट नाही. २०१९-२०च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात ४२,३४३ महाविद्यालयं नोंदली गेली. त्यांपैकी तीन हजारांहून जास्त विद्यार्थी असलेली जेमतेम ४ टक्के होती आणि शंभरपेक्षाही कमी विद्यार्थी असलेली १६.६ टक्के. म्हणजे भारतातलं नेहमीचं महाविद्यालय लहानच असतं. आपल्या डोळ्यांपुढे मात्र महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालय उभं राहतं, पूर्वीचं व्हिक्टोरिया कॉलेज, जिथून अटलबिहारी वाजपेयी पदवीधर झाले. आपल्या आजोबांच्या पिढीने महाविद्यालय म्हणून तेच पाहिलं, म्हणून मोठी इमारत आणि जुनं नाव हेच आपलं माप होऊन बसलं. आज ज्या महाविद्यालयांत बहुतेक मुलं जातात ती या मापात बसतच नाहीत. त्यांना जोखायला दुसरं माप हवं, आणि ते आपण अजून तयार केलेलं नाही.

ते न केल्यामुळे काय होतं, हे मध्य प्रदेशाने अलीकडेच पाहिलं. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने राज्यातल्या नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली. ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७३ त्रुटी असलेली आणि ६६ अयोग्य ठरली. एवढ्यावर थांबलं असतं तर निदान १६९ नावं तरी विश्वासाने घेता आली असती. पण मे २०२४ मध्ये तपास करणाऱ्यांपैकीच काही जणांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली आणि त्या १६९ महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या सगळ्या काळात परीक्षा लांबत गेल्या. ज्या मुलींनी वेळेवर शुल्क भरलं, वसतिगृहात राहून दिवस काढले, त्यांची वर्षं गेली. त्या मुलींनी चुकीचं काहीही केलेलं नव्हतं. मान्यतेचा कागद पाहून त्यांनी प्रवेश घेतला होता, आणि मान्यतेचा कागद पाहण्यापलीकडे खेड्यातला बाप दुसरं काय करू शकतो?

मग २०२५च्या सुरुवातीला मुरैना जिल्ह्यातल्या झुंडपुऱ्याचं प्रकरण आलं. आरोप असा की तिथलं एक महाविद्यालय फक्त कागदावर होतं आणि तरीही वर्षानुवर्षं ग्वाल्हेरच्या जीवाजी विद्यापीठाच्या पाहणी समित्या त्याला संलग्नतेसाठी, म्हणजे विद्यापीठाशी जोडून घेण्यासाठी, योग्य ठरवत आल्या. आर्थिक गुन्हे शाखेने कुलगुरूंसह अनेकांवर गुन्हा नोंदवला आणि काही आठवड्यांतच कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण पालकांच्या दृष्टीने त्यातला धडा निकालाची वाट पाहत नाही. पाहणी समितीचा अहवाल आणि महाविद्यालयाची इमारत यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं आता कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आमच्याकडे ‘नॉन-अटेंडिंग’ असा एक शब्द सर्रास चालतो. फालका बाजारातल्या किंवा सिटी सेंटरच्या एखाद्या दुकानवजा कार्यालयात तो इतक्या सहज वापरला जातो की जणू तो अभ्यासक्रमाचाच एक प्रकार आहे. बी.एड. नॉन-अटेंडिंग, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) नॉन-अटेंडिंग. शुल्क भरा, परीक्षेला या, पदवी घ्या. बाहेरच्या राज्यांतली मुलं यासाठी आपल्या भागात येतात, म्हणजे येतही नाहीत, त्यांची फक्त नावं येतात. आता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे २०१४चे नियम काय म्हणतात ते पाहा. बी.एड.च्या शंभर जागा, दोन वर्षांचे मिळून दोनशे विद्यार्थी, तर पूर्णवेळ अध्यापक १६ हवेत. वर्गातली हजेरी किमान ८० टक्के, शाळेतल्या प्रत्यक्ष अध्यापनाच्या काळात ९० टक्के. दोनशे विद्यार्थ्यांमागे सोळा अध्यापक म्हणजे साडेबारा जणांमागे एक! हे नियमाप्रमाणे चाललं तर बी.एड.चं लहान महाविद्यालय हे शिक्षणासाठी देशातल्या सर्वांत चांगल्या जागांपैकी एक ठरेल. इतक्या जवळून शिकवणं मोठ्या विद्यापीठालाही परवडत नाही. आणि नेमक्या याच अभ्यासक्रमात इतके रिकामे वर्ग आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण या रिकाम्या वर्गातून न शिकता बाहेर पडणारी मुलगी उद्या कोणाच्या तरी सहावीच्या मुलांपुढे उभी राहणार आहे.

या प्रकारात प्रामाणिक लहान महाविद्यालय चिरडलं जातं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. दोन महाविद्यालयं शेजारी असतात. एक नियमाप्रमाणे अध्यापक नेमतं, वेतन बँकेतून देतं, हजेरी घेतं. दुसरं यातलं काहीच करत नाही, म्हणून त्याचं शुल्क कमी असतं किंवा एजंटाला देण्यासाठी त्याच्याकडे पैसा शिल्लक असतो. दोघांच्या पदवीवर विद्यापीठाचं तेच नाव छापलेलं असतं. मग पालक म्हणतात, “लहान कॉलेजं अशीच असतात.” नाहीत. पहिल्या महाविद्यालयातल्या प्राचार्यांना हे वाक्य ऐकावं लागतं तेव्हा त्यांच्यावर अन्याय होतो, आणि आपण तो रोज करतो.

दुसरं माप कुठून आणायचं? त्यासाठी ग्वाल्हेरबाहेर जायची गरज नाही. १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी इथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, ज्याला पुढे त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ शंकर गांधर्व महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. एका घराण्याची गायकी, शिकवायला स्वतः गाणारा माणूस, आणि समोर मोजके विद्यार्थी. चार वर्षांनी, १९१८ मध्ये, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं. त्याच्या स्थापनेत एक गोष्ट अशी घडली जी मला आजच्या प्रत्येक संस्थाचालकाला सांगावीशी वाटते. महाविद्यालय उघडण्याच्या आधी राजाभैया पूछवाले यांच्यासह ग्वाल्हेरच्या काही गायकांना भातखंड्यांकडे मुंबईला पाठवण्यात आलं. ही काही नवशिकी मंडळी नव्हती, तयार गायक होते. तरीही वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवायचं तर त्याची रीत वेगळी, स्वरलिपी वेगळी, म्हणून ती आधी शिकून या, असा तो विचार होता. शिकवणारे तयार झाले, मग वर्ग सुरू झाले. पुढे राजाभैया त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

आज संलग्नतेच्या अर्जात आधी जमिनीचा दाखला लागतो, मग इमारतीचा नकाशा, मग मुदत ठेवीची पावती. अध्यापकांची यादी सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळदा तीच सर्वांत खोटी असते. एकाच माणसाचं नाव दोन-तीन महाविद्यालयांच्या यादीत सापडणं ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. आपल्याकडे खासगी महाविद्यालयांत विद्यापीठाच्या मान्यतेने, निवड समितीमार्फत नेमलेल्या अध्यापकाला ‘कोड २८’चा अध्यापक म्हणतात. लहान महाविद्यालयात चौकशीला गेलात तर संगणक किती आणि बस कुठून सुटते हे विचारण्याआधी विचारा: कोड २८चे किती आहेत, कोणत्या विषयांचे, आणि ते किती वर्षांपासून इथे आहेत? शेवटचा भाग महत्त्वाचा. जिथे दर वर्षी माणसं बदलतात तिथे तुमच्या मुलाला नावानिशी ओळखणारं कोणी उरत नाही, मग महाविद्यालय लहान असण्याचा उपयोग काय?

समजा, महाविद्यालय खरं आहे. वर्ग भरतात, माणसं टिकून आहेत. आता आकाराचा प्रश्न विचारता येईल, आणि त्याचं उत्तर मुलागणिक वेगळं येईल.

रसायनशास्त्राची प्रयोगशाळा घ्या. चाळीस जणांच्या तुकडीत ब्युरेट, म्हणजे द्रव मोजून सोडायची काचेची नळी, दोघातिघांत एक असतं, एक जण मापन करतो आणि बाकीचे आकडे उतरवून घेतात. बारा जणांच्या तुकडीत प्रत्येकाला स्वतः करावं लागतं, चुकलं तर पुन्हा करावं लागतं. तीन वर्षांत यातून जो फरक पडतो तो गुणपत्रिकेत दिसत नाही, पण पुढे औषधाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या टेबलाशी उभं राहिल्यावर पहिल्या दिवशी दिसतो. उलट, महागडं उपकरण लहान महाविद्यालयाला बहुधा परवडत नाही. ते तिथल्या मुलांना चित्रातच पाहावं लागतं.

जे मूल प्रश्न विचारायला घाबरतं, ज्याच्या घरात आधी कोणी पदवीपर्यंत गेलेलं नाही, ज्याला हिंदी माध्यमातून येऊन इंग्रजी पुस्तकं वाचायची आहेत, त्याला पहिली दोन वर्षं लहान वर्ग मिळाला तर त्याचं आयुष्य बदलू शकतं. आठ दिवस आलं नाही तर कोणीतरी घरी फोन करेल, ही गोष्ट साधी नाही. मोठ्या महाविद्यालयात सहा महिने न गेलेलं मूलही कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिथेही पुष्कळ विषय वर्षावर्षाच्या करारावरच्या अतिथी विद्वानांच्या भरवशावर चालतात, हेही पालकांनी ध्यानात घ्यावं. सरकारी पाटी म्हणजे भरलेला वर्ग, असं समीकरण नाही.

विषयांच्या निवडीबाबत मात्र लहान महाविद्यालयाकडून फार अपेक्षा ठेवू नये. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, व्यावसायिक अशी रचना आली. कागदावर मुलीला इतिहासाबरोबर पोषणशास्त्र घेता येतं. पण ज्या महाविद्यालयात चारच अध्यापक आहेत तिथे या निवडीला अर्थ उरत नाही. जे शिकवायला माणूस आहे तेच सगळ्यांना घ्यावं लागतं. चौथ्या वर्षाची, संशोधनासह पदवीची गोष्ट तर आणखी अवघड, कारण त्याला मार्गदर्शक लागतात. मुलीला पुढे संशोधनात जायचं असेल, किंवा तिची आवड अजून ठरलेली नसेल आणि चार विषय चाखून पाहायचे असतील, तर मी तिला गर्दीतल्या मोठ्या महाविद्यालयात जायला सांगेन.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठं आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मुलांचं जग लहान असतं. तीच शाळा, तेच दत्तमंदिर, तोच गणेशोत्सव, दौलतगंज ते जीवाजीगंज एवढ्या अंतरातले तेच नातलग. हे जग प्रेमळ आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण अठराव्या वर्षी भिंडहून, दतियाहून, श्योपूरहून आलेल्या मुलांच्या शेजारी बसणं हे आपल्या मुलांचं शिक्षण आहे. पहाटेची गाडी पकडून येणारा वर्गमित्र, घरची शेती सांभाळून परीक्षा देणारी मैत्रीण, यांच्याकडून जे शिकता येतं ते घराजवळच्या, ओळखीच्याच मुलांनी भरलेल्या महाविद्यालयात मिळत नाही. मुलींच्या बाबतीत तर आपण स्वतःला स्पष्ट विचारायला हवं. जवळचं लहान महाविद्यालय तिच्यासाठी आपण तिथल्या शिकवण्यामुळे निवडतो आहोत, की फाटकावरच्या पहारेकऱ्यामुळे? पहारा हे कारण असेल तर ते तिच्यासमोर तसंच मांडावं आणि तिचं म्हणणं ऐकावं. तिच्या तीन-चार वर्षांचा निर्णय तिला न विचारता होऊ नये.

अमेरिकेत राहणारे नातेवाईक लहान महाविद्यालयांचं कौतुक करतात, दीड-दोन हजार विद्यार्थी, प्राध्यापकांच्या घरी जेवण, वगैरे. ते खरंही आहे. पण तिथे जो शिकवतो तोच अभ्यासक्रम ठरवतो, तोच परीक्षा घेतो आणि पदवीही महाविद्यालयच देतं. आपलं संलग्न महाविद्यालय यातलं जवळपास काहीच करत नाही. अभ्यासक्रम वरून ठरून येतो, मुख्य परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका तपासणं विद्यापीठाकडे. त्यामुळे आपल्या लहान महाविद्यालयाच्या हातात तीनच गोष्टी राहतात: वर्ग नियमित घेणं, ग्रंथालय उघडं ठेवणं आणि मुलांकडे लक्ष देणं. या तिन्हींत ते कसं आहे यावरच त्याची पारख करावी.

ही पारख प्रवेशाच्या काळात करता येत नाही, ही खरी अडचण आहे. ई-प्रवेशाचं चॉइस फिलिंग, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणं, उन्हाळ्यात असतं, तेव्हा सगळीच महाविद्यालयं रिकामी दिसतात, चांगलीही आणि पोकळही. म्हणून मुलगी बारावीत असतानाच, पाऊस ओसरल्यावर, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास न कळवता जावं. कार्यालयात शिरण्याआधी वर्गांवरून एक फेरी मारावी. फळ्यावर आजची तारीख आहे का? ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीत या महिन्यातल्या किती नोंदी आहेत? मुलींचं स्वच्छतागृह वापरात आहे का? सूचना फलकावरचं वेळापत्रक या वर्षाचं आहे का? मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून विचारावं की काल कोणते तास झाले. काल, असंच विचारावं, कारण “इथे शिकवतात का?” या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमात वर्षाला किमान १८० दिवस, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने ३० आठवडे, प्रत्यक्ष अध्यापन सांगितलेलं आहे. कालचा तास कोणालाच आठवत नसेल तर १८० दिवस कुठून भरणार?

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेची श्रेणी बघू नये असं मी म्हणणार नाही, पण तिच्यावर सगळं सोडून देऊ नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्याच एका पाहणी समितीतल्या सदस्यांना सीबीआयने लाचेच्या प्रकरणात अटक केली होती. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला एक सामान्य दिवस हा निदान विकत घेतलेला नसतो.

तरीही हा भार एकट्या पालकांवर टाकणं मला मान्य नाही. श्योपूरच्या शेतमजुराने दिवसाची मजुरी बुडवून चार महाविद्यालयांची तपासणी करत फिरायचं, आणि विद्यापीठाने फक्त संलग्नता शुल्क घ्यायचं, हा कुठला न्याय? विद्यापीठाकडे सगळी माहिती आहे. प्रत्येक संलग्न महाविद्यालयातल्या अध्यापकांची नावं, त्यांचा विषय, नेमणुकीचं वर्ष, वेतन बँकेत जमा होतं की नाही, गेल्या परीक्षेला किती बसले आणि किती उत्तीर्ण झाले, एवढं एका पानावर, प्रवेश सुरू होण्याआधी प्रसिद्ध व्हायला हवं. नावं उघड झाली की एक माणूस तीन महाविद्यालयांत दिसेल तेव्हा कोणीतरी बोट ठेवेल. पाहणी समितीचा अहवालही फोटोंसह आणि समिती सदस्यांच्या सह्यांसह सर्वांना दिसावा. जो सदस्य स्वतःची सही सार्वजनिक होणार हे जाणतो तो नसलेल्या इमारतीला योग्य म्हणताना दहादा विचार करेल.

आणि हे होईपर्यंत आपल्या हातात असलेलं एक काम आहे. ग्वाल्हेरमधल्या जुन्या शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीवर आपलीच मराठी माणसं बसलेली आहेत. त्यांना आपण गणपतीत भेटतो, लग्नकार्यात भेटतो, काका, भाऊ, ताई म्हणून ओळखतो. ओळखीमुळे संकोच वाटतो आणि प्रश्न राहून जातात. संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत सभासदांनी उभं राहून विचारावं: आपल्या महाविद्यालयात कोड २८चे अध्यापक किती, त्यांना मिळणारं वेतन किती, गेल्या वर्षी वर्ग किती दिवस झाले, आणि आपल्या कार्यकारिणीतल्या किती सदस्यांनी स्वतःची मुलं किंवा नातवंडं इथे घातली? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत आणि पुढच्या वर्षी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.